मेदाची एवढीशी शेपटी

श्रोतेहो, चरबी म्हटले की आपल्याला वजनाचा काटा आठवतो, नाहीतर डॉक्टरांनी तपासायला सांगितलेले कोलेस्टेरॉल. आज मी मेदाच्या एका वेगळ्याच कामाविषयी बोलणार आहे. आपल्या शरीरातल्या पेशी सतत एकमेकींना निरोप देत असतात. हे निरोप पोचवण्याच्या कामात मेदाचा वाटा मोठा आहे.

बोट कापले, की भोवतालच्या पेशींना 'वाढा, विभागा' असा निरोप जातो. तो एखाद्या रेणूच्या रूपाने येतो आणि पेशीच्या आवरणापाशी थांबतो. हे आवरण म्हणजे मेदाचे दुपदरी अस्तर. त्याच्या आत पाणीदार द्रव आणि त्यात केंद्रक. बाहेरचा निरोप केंद्रकापर्यंत न्यायचा तर आवरणाच्या आतल्या अंगाला कोणीतरी हजर हवे. 'रास' नावाची प्रथिने हे काम करतात. एच-रास, के-रास आणि एन-रास ही त्यांतली तीन भावंडे.

अडचण अशी, की रास तयार होते पाण्यात आणि तिला राहायचे असते मेदापाशी. आमटीवरचा तवंग पाहा. तेलाचा थेंब पाण्यात विरघळत नाही, दुसऱ्या तेलात मात्र सहज मिसळतो. पेशी नेमका हाच गुण वापरते. एक विकर, म्हणजे एन्झाइम, रासच्या टोकाजवळ १५ कार्बन अणूंची तेलकट शेपटी जोडते. तिचे नाव फार्नेसिल. ही शेपटी आवरणात रुतते आणि रासला जागेवर धरून ठेवायला मदत करते. शेपटी नसेल, तर रास पाण्यात नुसती भटकत राहते आणि निरोप दारातच अडकतो.

रास हे विजेच्या बटणासारखे प्रथिन आहे. निरोप आला की चालू, काम झाले की बंद. पण जनुकात बिघाड झाला तर बटण चालूच राहते, आणि कोणी न सांगता पेशी वाढत सुटतात. माणसाच्या कर्करोगात असे बिघडलेले रास जनुक असते, हे १९८२ मध्ये कळले. आजच्या अंदाजानुसार साधारण दर पाच कर्करोगांपैकी एकात हा बिघाड असतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर बहुतेक रुग्णांत के-रास बिघडलेले आढळते.

रासला फार्नेसिलची शेपटी असते, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. ती जोडणारे विकर १९९० मध्ये अमेरिकेत डॅलस येथे गोल्डस्टीन आणि ब्राउन यांच्या प्रयोगशाळेत वेगळे केले गेले. या दोघांना १९८५ मध्ये कोलेस्टेरॉलवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले होते. कोलेस्टेरॉलचे अभ्यासक कर्करोगाकडे कसे वळले? कारण पेशीत कोलेस्टेरॉल ज्या वाटेने तयार होते, त्याच वाटेवर फार्नेसिलही तयार होते. स्टॅटिनची गोळी ही वाट सुरुवातीलाच अडवते. मात्र म्हणून स्टॅटिनने कर्करोग बरा होतो, असा अर्थ कोणी काढू नये.

आता शेपटीच जोडू दिली नाही तर? बिघडलेली रास निकामी होईल, असा सरळ हिशेब होता. विकराला रोखणारी औषधे तयार झाली. १९९५ मध्ये उंदरांमधल्या गाठी या उपायाने आक्रसल्या आणि आशा उंचावल्या. पण स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, तेव्हा टिपिफार्निब या औषधाची जोड देऊनही रुग्णांचे आयुष्य वाढले नव्हते.

असे का झाले? उंदरांच्या गाठी एच-रासच्या होत्या, रुग्णांच्या बहुतांशी के-रासच्या. फार्नेसिल मिळाले नाही, की के-रास दुसऱ्या विकराकडून २० कार्बनची शेपटी घेते आणि पुन्हा आवरणाला चिकटते. एच-रासला ही पळवाट नाही. भावंडे एकसारखी दिसली, तरी एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

पण ते श्रम वाया गेले नाहीत. प्रोजेरिया या दुर्मीळ आजारात मुले कोवळ्या वयातच म्हातारी दिसू लागतात. त्यांच्या पेशींतले एक सदोष प्रथिन आपली फार्नेसिलची शेपटी टाकू शकत नाही, केंद्रकाच्या आवरणाला चिकटून बसते आणि त्याची हानी करते. कर्करोगासाठी शोधलेले लोनाफार्निब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये या मुलांसाठी मंजूर झाले. त्याने आजार समूळ जात नाही, पण मुलांचे आयुष्य वाढते. पुढे २०२१ मध्ये के-रासच्या एका विशिष्ट बिघाडावर थेट नेम धरणारे सोटोरासिब हे औषधही फुप्फुसाच्या कर्करोगासाठी आले. ते शेपटीला हात न लावता बटणच बंद अवस्थेत धरून ठेवते.

तेव्हा श्रोतेहो, कर्करोगावर नवे औषध उंदरांत यशस्वी झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा आनंद जरूर माना. पण ते नेमक्या कोणत्या बिघाडावर आहे आणि माणसांत तपासले गेले आहे का, हे दोन प्रश्नही विचारा.