कागद मागणारे लेकरू

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने आम्हाला मुलांच्या संगोपनावर दोन शब्द बोलण्यास सांगितले, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. उपदेश करण्याआधी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

मागील वर्षी वर्धापन दिनाच्या आधी आपण विहाराला चुना मारला. दुसऱ्याच दिवशी सकाळी मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा दिसल्या. वस्तीतले एक सात-आठ वर्षांचे लेकरू हातात कोळसा घेऊन उभे होते. आम्ही त्याच्यावर जोरात ओरडलो. ते पळाले नाही, आमच्याकडे पाहिलेही नाही. हातातली रेघ तेवढी पुरी केली. त्याची आई धावत आली आणि म्हणाली, "गुरुजी, रागावू नका त्याच्यावर. त्याले बोलता येत नाही. चौकात घंटा-घंटा गाड्या पाहत राहते. लोक म्हनते, माह्याच काही चुकलं असंन."

ती माउली रडत होती. आम्ही खजील झालो आणि मग ती भिंत नीट पाहिली. शेलूबाजारच्या चौकातून जाणारे ट्रक, ट्रॅक्टर, एस.टी. सगळे एका ओळीत होते. दहाचाकी ट्रकची एका बाजूने जेवढी चाके दिसतात तेवढीच काढलेली. एस.टी.च्या टपावर जायची मागची शिडीसुद्धा होती. आम्ही आयुष्यभर एस.टी.ने फिरलो, पण ती शिडी कोणत्या बाजूला असते हे आम्हाला सांगता आले नसते.

त्या लेकराला काय आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगायचे, ते आमचे काम नव्हे. पण त्या दिवसापासून आम्ही या विषयावर वाचू लागलो आणि वाचता वाचता लंडनच्या एका मुलापाशी येऊन थांबलो. आपले बाबासाहेब ज्या लंडनमध्ये उपाशीपोटी ग्रंथ वाचत बसले, त्याच लंडनमध्ये १९७४ साली स्टीफन विल्टशायर जन्मला. आईबाप वेस्ट इंडीज बेटांवरून पोटापाण्यासाठी आलेले, कृष्णवर्णीय. स्टीफन तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी त्याला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असल्याचे सांगितले. त्याच सुमारास वडील मोटारसायकलच्या अपघातात गेले. मूल बोलत नव्हते, कोणात मिसळत नव्हते. पाचव्या वर्षी त्याला क्वीन्समिल नावाच्या विशेष शाळेत घातले. तेथे तो एकच काम मन लावून करी. ते म्हणजे चित्र काढणे.

त्याने काहीतरी मागावे, बोलावे म्हणून शिक्षकांनी काही काळ त्याचे चित्राचे साहित्य बाजूला ठेवले. आधी नुसते आवाज निघाले आणि मग एक दिवस शब्द आला, "पेपर". बंधू-भगिनींनो, लेकराने जगाकडे पहिली वस्तू मागितली ती कागद! पुढे नऊ वर्षांचा होईतो तो बोलू लागला. ख्रिस मॅरिस नावाचे शिक्षक त्याला शहरात फिरवून इमारती दाखवीत आणि तो त्या काढी. १९८७ साली बी.बी.सी.च्या कार्यक्रमातून त्याचे नाव सगळीकडे झाले आणि त्याच वर्षी चित्रांचे पहिले पुस्तक निघाले. पुढे त्याने कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले. २००५ साली हेलिकॉप्टरमधून टोकियो शहराला एक फेरी मारून त्याने ते अख्खे शहर दहा मीटर लांबीच्या कॅनव्हासवर सात दिवसांत आठवणीने उतरवले. २००६ साली ब्रिटिश सरकारने त्याला एम.बी.ई. हा किताब दिला. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याचे स्वतःचे चित्रदालन उघडले.

हे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे ही मुले दैवी असतात. तसे नाही. स्वमग्न मुलांपैकी अशी देणगी थोड्यांनाच असते. पुष्कळांना चित्रे येत नाहीत, काहींना तर स्वतःचा शर्ट घालायला शिकण्यात वर्षे जातात. आणि देणगी असली तरी ती टिकेलच असेही नाही. इंग्लंडमध्येच १९६७ साली जन्मलेली नादिया नावाची मुलगी साडेतीन वर्षांची असताना साध्या बॉलपेनने धावते घोडे काढी. मोठ्या चित्रकारालाही अवघड जावे असे! लोर्ना सेल्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे ती विशेष शाळेत जाऊ लागली, थोडेफार शब्द बोलू लागली आणि तिची ती चित्रे हळूहळू थांबली. दोन्हींचा संबंध होता का, यावर जाणत्यांत एकमत नाही. २०१५ साली ती वारली. आता आम्ही विचारतो, घोडे काढणे थांबले म्हणून तिची किंमत कमी झाली काय? 

आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे. मूल चित्र काढते म्हणून त्याला मान द्यायचा नाही. मान आधी द्यायचा, माणूस म्हणून. मग त्याच्यापुढे कागद ठेवायचा. काढले तर ते त्याचे बोलणे समजून पाहायचे. नाही काढले तर त्याचे बोलणे दुसरीकडे शोधायचे.

धम्मातली चूळपंथकाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून थोरल्या भावाने त्याला विहारातून जायला सांगितले. भगवंतांनी त्याच्या हाती स्वच्छ फडके दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. फडके मळत गेले आणि त्याला जे समजायचे ते समजले. स्वमग्न मूल म्हणजे मंद मूल असे आम्ही म्हणत नाही. आम्ही ही गोष्ट शिकवणाऱ्यांसाठी सांगतो. भगवंतांनी शिष्य बदलला नाही, धडा बदलला.

आता त्या माउलीच्या रडण्याविषयी. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अशा अकरा मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर कितीतरी वर्षे शिकलेसवरलेले लोकसुद्धा म्हणत राहिले, की आईची माया कमी पडली म्हणून मूल असे होते. हे साफ खोटे ठरले आहे. जन्मतःच मेंदूची घडण वेगळी असते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईचे चुकत नाही, लसीने होत नाही, आणि "बाहेरचं" तर मुळीच नाही. अंगारे-धुपारे, गंडे-दोरे आपण १९५६ साली सोडले. ते मागच्या दाराने या लेकरांच्या गळ्यात येऊ देऊ नका. ज्यांच्या ओठी "माह्याच काही चुकलं" हे शब्द येतात, त्यांना आपण शेजाऱ्यांनीच ते बोलायला लावलेले असते.

करायचे काय, तेही सांगतो. दोन वर्षांचे मूल हाक मारली तर पाहत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर "बाप पण उशिरा बोलला होता" म्हणून वाट पाहू नका. लवकर दाखवा. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ते आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वाशीमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा. अर्ज भरता येत नसेल तर आपल्या वस्तीतली शिकलेली पोरे कशासाठी आहेत? शिका म्हणून बाबासाहेबांनी सांगितले, ते केवळ स्वतःच्या नोकरीपुरते नव्हते.

शेवटी समितीला एक विनंती. यंदा चुना मारताना मागची भिंत सोडावी. त्या लेकराला या स्टेजवर उभे करून टाळ्या वाजवू नयेत, त्याला गर्दीचा आणि लाउडस्पीकरचा त्रास होतो. आताही ते येथे नाही, मागे आहे. आम्ही त्याला कोऱ्या कागदाची वही आणि पेन्सिल दिली होती. वही त्याने घेतली, पेन्सिल परत केली. त्याला कोळसाच हवा आहे. ठीक आहे, कोळसा देऊ.

 जयभीम! नमो बुद्धाय!