पिल्लू कोणाचं? – फिश टँकमधल्या छोट्या सिक्लिडची ओळख
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

माशांवर बोलायचं म्हटल्यावर काहींना जेवणाची आठवण झाली असेल. तिथेही मी येणार आहे. पण सुरुवात घरातल्या टँकपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी नातवासाठी रॅम जातीची पाच पिल्लं आणली. जेमतेम इंचभर. चार तशीच लहान राहिली. पाचवं सहा महिन्यांत तळहाताएवढं झालं आणि बाकीच्यांचे पर कुरतडू लागलं. ते रॅम नव्हतंच, चिलापी होतं. दुकानदाराला दोष देत नाही, कारण पिशवी उजेडाला धरून मीही पाहिली होती. पाहिला तो फक्त रंग, तिथेच चुकलो.

सिक्लिडच्या पिल्लाचा रंग भरवशाचा नाही. घाबरलं की फिकं, थंडीत फिकं, रात्री वेगळंच. आपल्या बेळगावची डिसेंबरची रात्र या माशांना सोसत नाही. रॅम मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्याचा, त्याला २७ ते ३० अंशांचं पाणी लागतं. हीटर नसेल तर त्याचा खरा रंग दिसायचाच नाही. उलट, विक्रीसाठी काही ठिकाणी पिल्लांना संप्रेरकं देऊन रंग आणतात. इंचभराचं पिल्लू फारच झगझगीत दिसलं तर मी आता घेत नाही.

मग पाहायचं काय? आधी नाकपुडी. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना डोळ्यापुढे प्रत्येक बाजूला दोन छिद्रं असतात, सिक्लिडला एकच. मोबाइलवर बाजूने फोटो काढून मोठा करा, दिसतं. त्यानंतर खुणा. रॅमच्या डोळ्यातून उभी काळी रेघ जाते, पाठीच्या पराचे पहिले काही काटे काळे असतात आणि कुशीवर एक काळा डाग असतो. मादी मोठी होते तसे त्या डागात निळे ठिपके चमकतात आणि पोट गुलाबी होतं. त्याचा भाऊबंद बोलिव्हियन रॅम. त्याच्या शेपटीची वरची-खालची कड तांबडी होते, अंगावर निळी चमक नसते.

अ‍ॅपिस्टोग्रामाची गोष्ट अवघड आहे. डोळ्यापासून शेपटीपर्यंत आडवा काळा पट्टा, आणि लहानपणी सगळ्या जाती जवळपास सारख्या. नर वाढला की उलगडा होतो. अगासिझीची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी टोकदार, काकाटुऑइडिसची दोन टोकांची आणि पाठीवर कोंबड्यासारखा तुरा, बोरेलीची गोल. पाऊण इंचाच्या पिल्लाचं नाव कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला नमस्कार करावा आणि घरी यावं. अशा वेळी पिल्लू कुठून, कधी आणलं ते वहीत लिहायचं आणि वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एका टँकमध्ये सोडायची नाहीत. नाही तर पुढे माद्या ओळखू येत नाहीत आणि संकर होतो.

आता जेवणाकडे. गोव्यात ज्यांचे पाहुणे आहेत त्यांनी कालुंदर खाल्लेला असेल. केरळात त्यालाच करीमीन म्हणतात. तोही सिक्लिडच! भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच, त्यांतला हा सगळ्यांत मोठा. १७९० साली ब्लॉख यांनी त्याच्या शास्त्रीय नावात सुरतेचं नाव घातलं. दुसरा नारिंगी क्रोमाइड, बोटाएवढा, टँकमध्ये ठेवण्याजोगा; तिसरा आपल्याच राज्यातल्या दक्षिण कन्नडच्या नद्यांतला. सुट्टीत मुलं गोव्याच्या खाडीतून बाटलीत पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं आणतात. ती कालुंदरची असतात किंवा चिलापीची, कारण लहानपणी दोघांच्याही अंगावर उभे पट्टे असतात. इथे काटे मोजायचे. पोटाखालचा मागचा पर पाहा. चिलापीला तिथे तीन काटे, कालुंदरला बारा-तेरा. एवढा फरक असल्यावर चष्मा नसला तरी भागतं.

हे सगळं आज का सांगतोय? विसर्जनाच्या दिवशी कपिलेश्वर तलावावर मी एका मुलाच्या हातात माशांची पिशवी पाहिली. मासे मोठे झाले, टँक पुरेना, म्हणून आईनेच पाठवलं होतं. बाप्पाबरोबर त्यांनाही पाण्यात सोडायचं, भावना चांगलीच. पण चिलापी १९५२ साली बाहेरून आपल्या देशात आणलेला मासा आहे. त्याची मादी अंडी तोंडात धरून फिरते. तशी एकच मादी सोडली तरी तळ्यात पिल्लावळ सुरू होऊ शकते. मग तिथल्या मूळच्या माशांच्या वाट्याला अन्न आणि जागा दोन्ही कमी. आणि रॅमसारखा नाजूक मासा असेल तर तो पहिल्या थंडीतच जातो. त्या मुलाला मी पिशवी घेऊन घरी बोलावलं. आम्ही काटे मोजले. तीन.

त्याचे दोन मासे आणि माझा तो पाचवा आता आमच्या मागल्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात आहेत. हौदाचं पाणी कुठल्याही ओढ्याला मिळत नाही. कुणाच्या टँकमध्ये असं अनोळखी पिल्लू वाढत असेल तर तळ्याकडे नेण्याआधी फोटो घेऊन माझ्याकडे या. हौदात अजून जागा आहे. नातू मात्र त्या पाचव्याला अजून रॅमच म्हणतो.