गर्भाशयातील गाठी आणि मूल न होणे
(वर्धापनदिनाच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही परिचारिका. दवाखान्यात कितीतरी बायका हातात सोनोग्राफीचा कागद आणि डोळ्यांत पाणी घेऊन येतात. "गाठ निघाली हो सिस्टर, म्हणूनच मला मूल होत नाही." सासू शेजारी उभी असते, नवरा बाहेर टपरीवर. म्हणून आज संकोच बाजूला ठेवून हाच विषय घेतला आहे.

ही गर्भाशयाच्या स्नायूंची गाठ. डॉक्टर तिला फायब्रॉइड म्हणतात. ती कॅन्सर नव्हे. तशा गाठीत कॅन्सर निघणे फार विरळ. वयाच्या ५० वर्षांपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना अशी एखादी गाठ झालेली असते. पुष्कळजणींना तिचा पत्ताही नसतो आणि मुलेबाळेही झालेली असतात. तेव्हा गाठ असणे वेगळे आणि गाठीमुळे मूल न होणे वेगळे.

गाठ केवढी आहे याआधी ती कुठे आहे हे विचारावे. गर्भाशय म्हणजे एक खोली समजा. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला फुगवटा आला तर आत राहणाऱ्याला काय त्रास? अशा गाठीमुळे दिवस राहायला सहसा अडथळा येत नाही. आतल्या पोकळीत शिरलेली गाठ मात्र बोराएवढी असली तरी गर्भ रुजायला अडचण करू शकते, गर्भपातही होऊ शकतो. अशी गाठ बहुधा पोट न फाडता, खालच्या मार्गाने दुर्बीण घालून काढता येते. भिंतीच्या मधोमध असलेल्या गाठीबद्दल डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत, तिथे घाई नको.

आता खरा मुद्दा. मूल न होण्याची कारणे अनेक, आणि एकाच जोडप्यात दोन-तीन एकत्रही असतात. कुणाचे स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही, पाळी दोन-दोन महिने येत नाही. कुणाच्या गर्भनलिका बंद असतात. आपल्या देशात त्यामागे पुष्कळदा जननमार्गाचा क्षयरोग निघतो. आणि जवळपास निम्म्या जोडप्यांत दोष पुरुषाच्याही बाजूला असतो. समजा, नवऱ्याचे शुक्रजंतू कमी आहेत आणि आपण बायकोची बाहेरच्या अंगाची गाठ कापून आणली. कर्ज झाले, पोटावर टाके आले, मूल नाही ते नाहीच! शिवाय कापलेल्या जागी आतून चिकटण्याची भीती, आणि भिंत खोल कापली असेल तर पुढे बहुधा सिझेरियन.

म्हणून बंधूंनो, राग मानू नका, वीर्यतपासणी आधी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, बस्स. सुई नाही, भूल नाही. तरी बायकोचे सगळे रिपोर्ट होतात आणि नेमकी हीच तपासणी राहून जाते. १ वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी मिळून जावे. बाई ३५ च्या पुढे असेल तर ६ महिन्यांनीच.

अंगावरून फार जात असेल, चालताना दम लागत असेल, तर मात्र वाट पाहू नका, रक्त तपासून घ्या.

आणि कुणी "पिशवीच काढून टाका" म्हटले तर? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे उघडकीस आले, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्याही कष्टकरी घरातल्याच बायका. पिशवी गेली की पोटी मूल कायमचे संपले. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय सही करू नका. चाळिशी-पन्नाशीतल्या मावशींनाही सांगतो, पाळी गेल्यावर बहुतेक गाठी आपोआप आकसतात.

कार्यक्रमानंतर आम्ही मागच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांना कागद दाखवायचे आहेत त्यांनी यावे, आणि नवऱ्यालाही बरोबर आणावे.