बालेवाडीचे तीन दिवस, पाच सामने

  म्हशाची जत्रा उठली, रथसप्तमी झाली, ज्यांच्याकडे हळदीकुंकू असतं त्यांचं तेही आटोपलं. आता पाण्याचे हंडे आणि लग्नसराई. त्याआधी थोडी उसंत आहे, तर आज खेळावर बोलू.

खेळ म्हटलं की आपल्याकडे कबड्डी नाहीतर क्रिकेट. आज मात्र आम्ही टेनिसच्या गोष्टी आणल्या आहेत, आणि त्याही पुरुषांच्या टेनिसच्या. आमच्यातल्याच एकीने तोंड वाकडं केलं होतं, की बायांच्या कार्यक्रमात हे कशाला? पण ऐका तर खरं. २०१७ साली फेब्रुवारीत तीन दिवस पुण्याला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत भारत आणि न्यूझीलंड या दोन देशांचे संघ खेळत होते. स्पर्धेचं नाव डेव्हिस कप. १९०० साली ड्वाइट डेव्हिस नावाच्या अमेरिकन तरुणाने हा कप ठेवला, तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन असे दोनच देश खेळले. आज शंभराहून जास्त देश खेळतात.

टेनिसमध्ये एरवी ज्याचा तो खेळतो. जिंकला तर पैसा त्याचा, हरला तर तिकीटखर्च त्याच्या अंगावर. या कपात मात्र तो देशाकडून खेळतो आणि निकाल संघाचा लागतो. तेव्हा शुक्रवारी दोन एकेरी सामने, शनिवारी एक दुहेरी, रविवारी पुन्हा दोन एकेरी असा क्रम होता. पाचातले तीन ज्याने घेतले तो संघ पुढे.

आता मोजणी सांगतो, नाहीतर निकाल कानावरून जातील. कबड्डीत गुण सुरुवातीपासून शेवटपर्यंत साठत जातात. टेनिसमध्ये तसं नाही. आधी गुण, चार गुण झाले की एक गेम, पण दोन गुणांचं अंतर हवं. सहा गेम झाले की एक सेट, तिथेही दोनचं अंतर हवं. सहा-सहा अशी बरोबरी झाली तर टायब्रेक नावाचा एक लांबट गेम खेळून सेटचा निकाल लावतात. या स्पर्धेत तेव्हा पाच सेटांपैकी तीन घेतले की सामना मिळायचा. आणि एक सेट संपला की पाटी कोरी. आधीचा सेट तुम्ही सहा-शून्य जिंकलेला असो नाहीतर रडतखडत, पुढच्यात पुन्हा शून्यापासून.

शुक्रवारी पहिला उतरला दिल्लीचा युकी भांबरी. समोर फिन टिअर्नी. युकी ६-४, ६-४, ६-३ असा सरळ जिंकला. मग चेन्नईचा रामकुमार रामनाथन, त्याने होजे स्टॅथमला ६-३, ६-४, ६-३ असं हरवलं. पहिल्याच दिवशी भारत दोन-शून्य.

शनिवारची दुहेरी ही खरी बघण्यासारखी होती, कारण लिएंडर पेस खेळणार होता. तेव्हा या माणसाचं वय ४३. आपल्या गावात ४३ वर्षांचा माणूस मैदानात धावायला निघाला तर पोरं हसतील. हा १९९० पासून, म्हणजे सोळा वर्षांचा असल्यापासून भारतासाठी हा कप खेळत होता. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक आणलं. जन्म कोलकात्याचा, वडील वेस पेस मूळ गोव्याकडचे, त्यांनाही १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्य मिळालं होतं. आणि आई जेनिफर भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची कप्तान होती. पेपरवाले बापाचं पदक नेमाने छापतात, आईचं कप्तानपद शोधावं लागतं. असो.

तर डेव्हिस कपात पेसच्या नावावर तेव्हा दुहेरीचे ४२ विजय होते. इटलीच्या निकोला पिएट्रांजेलीचेही ४२. शनिवारी जिंकला असता तर पेस जगात एकटा पहिला झाला असता. पण त्याच्याबरोबर उतरायचा होता साकेत मायनेनी, त्याचा पाय दुखावला. ऐनवेळी राखीव असलेला हैदराबादचा विष्णू वर्धन आत आला. विष्णू काही पेसला नवखा नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दुसऱ्या दोघा नामांकित खेळाडूंनी पेसबरोबर खेळायला नकार दिला, तेव्हाही विष्णूच त्याच्या जोडीला उभा राहिला होता.

पहिला सेट आपल्या जोडीने ६-३ घेतला. मग समोरचे आर्टेम सिटाक आणि मायकेल व्हीनस जागे झाले. दुसरा सेट त्यांनी ६-३ नेला, तिसरा टायब्रेकमध्ये नेला आणि चौथा पुन्हा ६-३. भारत हरला. पेस ४२ वरच राहिला.

आम्हाला यात विष्णूबद्दल बोलायचं आहे. हरला तरी. गटाची सचिव बाळंतपणाला माहेरी गेली की काय होतं, आठवून बघा. हप्ता गोळा होतो, पण वहीत कोण लिहिणार? वही तशीच पडून राहते, दोन महिन्यांनी कोणी किती भरले यावरून वाद. बँकेत तिघींपैकी दोघींच्या सह्या लागतात, त्यातली एक वीटभट्टीवर गेलेली, एक आजारी. आम्ही ज्या गटांत बसतो तिथे हे दरवर्षी बघतो. हिशेब लिहिणारी दुसरी बाई आधीच तयार करून ठेवलेले गट बोटांवर मोजण्याइतके. राखीव खेळाडूला काही रिकामा बसवून ठेवत नाहीत. तोही रोज सकाळी सराव करतो, समोरच्याचा खेळ बघून ठेवतो. मासिक बैठकीत एका महिन्याआड दुसरीने वही लिहायची, सचिवाने शेजारी बसायचं, एवढं केलं तरी पुष्कळ. अक्षर वाईट आलं तर येऊ दे.

रविवारी दोन-एक अशी स्थिती. म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही, न्यूझीलंडने दोन्ही सामने घेतले असते तर तेच पुढे गेले असते. रामकुमारने टिअर्नीशी पहिला सेट ७-५ असा झगडून काढला आणि मग त्याला उभंच राहू दिलं नाही, ६-१, ६-०. तीन-एक, संघ जिंकला. उरलेल्या पाचव्या सामन्याला निकालापुरता अर्थ नव्हता, म्हणून तो तीन सेटांचाच ठेवला. युकीने स्टॅथमला ७-५, ३-६, ६-४ हरवलं. एकूण चार-एक.

आमच्यातल्या एकीने या गेमांची बेरीज केली. रामकुमारचे १९ आणि समोरच्याचे ६. युकीचे १६ आणि समोरच्याचे १५. एकाने खळं भरून दिलं, दुसऱ्याने सुपात एकच दाणा जास्त आणला, पण संघाच्या खात्यात दोघांचं एक-एकच पडलं. त्यानंतर एप्रिलमध्ये उझबेकिस्तानशी गाठ होती.

या तीन दिवसांबरोबर आनंद अमृतराज यांचं कप्तानपद संपलं, त्यानंतर महेश भूपती आले. आनंद यांच्यासाठी पुणं जुनं आहे. १९७४ साली ते आणि त्यांचे भाऊ विजय भारताच्या संघात होते, आणि त्या वर्षी पुण्यातच भारताने रशियाला, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाला हरवून अंतिम फेरी गाठली. समोर होता दक्षिण आफ्रिका, जिथे तेव्हा काळ्या माणसाला गोऱ्यांच्या बाकावर बसायचीसुद्धा बंदी होती. भारताने खेळायला नकार दिला. कप न खेळता दक्षिण आफ्रिकेला गेला. कप आजवर एकदाही आपल्याकडे आलेला नाही, आणि तरी तो नकार आम्हाला पटतो.

आता बायांचं. देशादेशांच्या संघांची अशीच स्पर्धा बायांसाठीही आहे, तेव्हा तिला फेड कप म्हणत. ती सुरू झाली १९६३ साली. पुरुषांच्या ६३ वर्षांनंतर! त्याच्या कितीतरी आधी, १९३४ साली, लीला रो नावाची आपली बाई लंडनला विम्बल्डनमध्ये एक सामना जिंकून आली होती. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिची आई पंडिता क्षमाबाई रो पुण्यात जन्मलेल्या, संस्कृतात कविता करणाऱ्या, ज्ञानेश्वर-तुकारामांची चरित्रं संस्कृतात लिहिणाऱ्या, आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या. शिकलेलं, पैशाने बरं घर होतं, हे खरं. पण त्या काळी तशा घरांतल्याही किती मुली मैदानात उतरत होत्या?

आणि आजची मुलगी सांगायची तर बार्शीची प्रार्थना ठोंबरे. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची. २०१४ च्या आशियाई खेळांत सानिया मिर्झाबरोबर तिने दुहेरीचं कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ साली दोघी रिओच्या ऑलिंपिकला गेल्या. पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीशी हरल्या, पण तीन सेट झुंजून.

पैशाचं ऐका. टेनिसमध्ये बायांना बक्षीस कमी मिळायचं. बिली जीन किंग या अमेरिकन खेळाडूने त्यावर हट्ट धरला, तेव्हा १९७३ साली अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धेने दोघांना सारखी रक्कम दिली. विम्बल्डनला तेवढं करायला २००७ उजाडलं. देणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? पुरुष पाच सेटांचा सामना खेळतात, बाया तीनचा, मग सारखे पैसे कसे? हे वाक्य आपण ऐकलेलं आहे. गडी नांगर धरतो, गडी भाताचे भारे वाहतो, म्हणून त्याची मजुरी जास्त. आणि आवणीला दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून, डोक्यावर इरलं घेऊन रोप लावते तिचं काम हलकं! बाईने एक दिवस वाकली नाही तर नांगरलेल्या शेतात काय उगवणार आहे?

समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला. रोजगार हमीच्या कामावर बाई-गड्याचा दर एकच असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेतावरच्या मजुरीत मात्र अजून फरक निघतो. आवणीला अजून वेळ आहे. दर ठरतो तो पहिल्या पावसानंतर बांधावर, घाईत, आणि एकटीने बोललं तर दुसरीला बोलावतात. गटांनी आत्ताच, मार्च-एप्रिलच्या बैठकीत, गावाचा एक दर बोलून ठेवावा, असं आमचं मत आहे. शेजारच्या पाड्यालाही सांगावा धाडा, नाहीतर तिकडच्या बाया कमी दरात येतील आणि भांडण आपसात लागेल.

मुलींच्या मैदानाचंही बोलायचं होतं. आश्रमशाळेत कबड्डी-खोखो खेळणारी पोर दहावीनंतर घरी आली की तिचा खेळ बंद. संध्याकाळी मैदानावर मुलगे क्रिकेट खेळतात, मुली नळाच्या रांगेत असतात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला आणि बालकल्याणासाठी असतो. त्यातून मुलींना एक जाळी, दोन चेंडू, बूट मागायला हरकत कसली? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, तिथे लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. आणि मैदानाची वेळ मागा. संध्याकाळचे दोन दिवस मुलींचे. बूट मिळतील, वेळ मिळवणं कठीण जाईल असा आमचा अंदाज आहे.

पुण्यातल्या त्या सामन्यांनंतरच्या आठवड्यात आपल्या मुलींचा संघ फेड कपसाठी कझाकस्तानात होता, अस्ताना या गावी. तिथे या दिवसांत कडाक्याची थंडी, त्यामुळे सामने छपराखालीच. ते बुधवारपासून शनिवारपर्यंत चालले. पुढच्या मंगळवारी याच वेळी त्यांचे निकाल सांगू, पुरुषांचे सांगितले तसेच, सेटासकट.