बरोबरी नसलेला खेळ

(मंडळाच्या गणेशोत्सवात 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेले भाषण)



आत येताना प्रत्येकाला एक झेरॉक्स कागद मिळाला असेल. त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे आहेत. अकरा ओळी, प्रत्येकीत अकरा, एकूण १२१. हा कागद आणि दोन रंगांच्या पेन्सिली, एवढ्यावर खेळायच्या या खेळाचे नाव हेक्स. माझी नोकरी ड्रॉइंग ऑफिसातली, त्यामुळे पट मीच आखला आहे.

नियम मिनिटभरात सांगतो. पट तिरक्या चौकोनाचा. समोरासमोरच्या दोन बाजू लाल खेळाडूच्या, उरलेल्या दोन निळ्याच्या. आळीपाळीने कोणतेही एक रिकामे घर आपल्या रंगाने भरायचे. भरलेले घर पुन्हा बदलत नाही, इथे कोणी कोणाला मारत नाही. आपल्या दोन्ही बाजू अखंड साखळीने जो जोडेल तो जिंकला. दहा-पंधरा मिनिटांत डाव आटोपतो.

डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी हा खेळ १९४२ साली मांडला. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. त्या डिसेंबरात 'पोलिटिकेन' या वृत्तपत्रात तो 'पॉलिगॉन' नावाने छापून आला. पुढे १९४८ च्या सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉन नॅश या तरुण गणितज्ञाला तोच खेळ स्वतंत्रपणे सुचला. हेच नॅश १९९४ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.

या खेळाची गंमत अशी की तो बरोबरीत सुटूच शकत नाही. नदीची कल्पना करा. धरणाची भिंत या काठापासून त्या काठापर्यंत पोहोचली तर पाणी अडते. न पोहोचली तर कुठून तरी वाट काढतेच. तिसरा प्रकार संभवत नाही. चौकोनी घरांच्या पटावर चार घरे एका कोपऱ्यात भेटतात आणि दोघेही अडकू शकतात. षटकोनात तीनच भेटतात, म्हणून कोंडी होत नाही. त्यामुळे दुसऱ्याला पुरते अडवणे आणि आपली वाट पूर्ण करणे ही इथे एकच गोष्ट आहे.

नॅश यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. समजा, दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकण्याची युक्ती आहे. मग पहिल्याने कुठेही एक घर भरावे आणि पुढे तीच युक्ती आपण वापरावी. जास्तीचे घर या खेळात कधीच नडत नाही. म्हणजे दोघेही जिंकणार, जे अशक्य! तेव्हा अशी युक्ती दुसऱ्याकडे असू शकत नाही. आणि बरोबरी नसल्यामुळे ती पहिल्याकडेच असली पाहिजे. पण ती कोणती, हे या सिद्धतेतून कळत नाही. ९×९ च्या पटाचा संगणकाने २०१३ पर्यंत पूर्ण उलगडा केला. आपल्या हातातल्या ११×११ च्या पटाचा तसा संपूर्ण उलगडा झालेला नाही.

मग पहिली पाळी कोणाची, यावरून भांडण नको म्हणून एक सोय आहे. पहिल्याने एक घर भरले की दुसऱ्याने ठरवायचे, आहे तसे खेळायचे की त्या घरासकट बाजूच बदलून घ्यायची. एका भावाने लाडवाचे दोन भाग करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, तसेच हे.

नवख्यांसाठी एक गुपित सांगून ठेवतो. आपली दोन घरे अशी भरा की त्यांच्यामध्ये दोन सामाईक रिकामी घरे राहतील. समोरच्याने एक दार बंद केले की आपण दुसरे उघडायचे. खेटून घरे भरत गेलात तर मागे पडाल.

आता समितीला एक विनंती. आपण बहुतेक सगळे बदलीवर आलेली माणसे. मोठ्यांना ऑफिसात ओळखी होतात. मुलांना मात्र दर वेळी नवी शाळा, नवी भाषा आणि नव्याने मित्र शोधणे. आपल्या स्पर्धांत निबंध, पाठांतर, वक्तृत्व असते, म्हणून शेजारची तेलुगू, ओडिया, बंगाली मुले प्रसाद घेऊन परत जातात. या खेळाला भाषा लागत नाही, खर्चही नाही. उद्यापासून आरतीनंतर तासभर मंडपात चार टेबले मांडावीत आणि प्रत्येक टेबलावर एक मूल आपले, एक शेजारचे बसवावे. एकजण हरणार हे ठरलेलेच आहे. पण डाव छोटा आहे, लगेच दुसरा मांडता येतो. हरलेल्याने 'आणखी एक' म्हटले की ओळख झालीच म्हणून समजा.

कागद संपले तर मूळ प्रत माझ्याकडे आहे.