शांतीची वचने आणि कर्जदारांचा तुरुंग

(नाताळनिमित्त कार्यकर्त्यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



नाताळ जवळ आला की युरोप-अमेरिकेतील शहरांतून एक दीर्घ संगीतरचना गायिली जाते. तिचे नाव ‘मेसाया’, म्हणजे मशीहा. जॉर्ज फ्रेडरिक हँडेल याने ती १७४१ साली लंडनमध्ये अवघ्या चोवीस दिवसांत लिहून काढली. तीत वेशभूषा नाही, अभिनय नाही. गायक, वाद्ये आणि शास्त्रवचने एवढाच तिचा संसार. शब्द हँडेलचे नव्हेत. चार्ल्स जेनेन्स या सधन जमीनदाराने बायबलाच्या जुन्या व नव्या करारांतून वेचे निवडले आणि एकापुढे एक मांडले. स्वतःची कविता त्याने मध्ये घुसडली नाही, ही त्याची मोठीच रसिकता म्हणावयाची.

ही रचना ऐकताना अनेकांना मनःशांती लाभते. पुरोगामी मंडळी अशा शांतीकडे संशयाने पाहतात, आणि तो संशय अगदीच अनाठायी नाही. परंतु ही शांती कोणती, हे आधी वचनांनाच विचारले पाहिजे.

वाद्यांचे प्रास्ताविक संपताच पहिला गायक उभा राहतो आणि सांत्वनाची वचने गातो. ती यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील आहेत आणि बाबेलात हद्दपार झालेल्या यहुदी लोकांना उद्देशून आहेत. ज्यांचे नगर जाळले गेले, ज्यांना परमुलखात नेऊन ठेवले, त्यांना सांगितले जात आहे की शिक्षा संपली, परतीचा मार्ग तयार होत आहे. म्हणजे येथे सांत्वन हे अश्रू पुसण्यापुरते नाही. ती घरी परतण्याची वार्ता आहे. मराठीत ज्याचे भाषांतर ‘शांती’ असे होते तो हिब्रू शब्द ‘शालोम’. त्याचा मूळ आशय संपूर्णता, काही उणे न राहणे, असा आहे. आणि त्याच धातूपासून देणे फेडणे, भरपाई करणे या अर्थाचे क्रियापदही बनते. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही क्षमेच्या जागी ‘ऋण’ सोडण्याची भाषा आहे, आणि मराठी बायबलाने तो शब्द तसाच राखला आहे. सावकाराची वही ठाऊक असलेल्या समाजाला त्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही.

ख्रिस्तजन्माची कथा लूक सांगतो ती कैसर औगुस्ताच्या आज्ञेपासून. साऱ्या जगाची नावनिशी व्हावी असा हुकूम सुटतो, आणि त्यापायी दिवस भरत आलेल्या एका स्त्रीला नासरेथाहून बेथलेहेमास जावे लागते. अशा नावनिशीचा हेतू प्रजेकडून कर वसूल करणे हा असे. याच औगुस्ताच्या नावाने रोममध्ये इ. स. पूर्व ९ मध्ये शांतीची संगमरवरी वेदी प्रतिष्ठापिली गेली होती. सैन्याच्या बळावर राखलेली ती शांती होती आणि तिचा खर्च जिंकलेले प्रांत सोशीत होते. लूकच्या कथेत देवदूत दुसऱ्या शांतीची घोषणा करतात ती त्या वेदीपाशी नव्हे, राजवाड्यातही नव्हे. रात्रपाळीला मेंढरे राखीत बसलेल्या माणसांना ती प्रथम ऐकू येते.

हँडेलने हा प्रसंग कसा बांधला आहे ते ऐकण्यासारखे आहे. आधी केवळ तंतुवाद्यांचा एक संथ, डुलता तुकडा येतो. नाताळच्या दिवसांत डोंगरांतून रोममध्ये उतरून पावा वाजविणाऱ्या मेंढपाळांच्या सुरावटीची त्यात आठवण आहे. मग वचने, आणि त्यामागून देवदूतांचा समूहस्वर. या रचनेत कर्णे प्रथम वाजतात ते येथेच. पण हँडेलची सूचना अशी की ते दुरून आणि हळू वाजावेत. देवाच्या गौरवाचे शब्द उंच स्वरांत जातात. पृथ्वीवरील शांतीचे शब्द मात्र पुरुषांचे आवाज खाली, खर्जात, एकसुराने घेतात. गौरव वर, शांती जमिनीवर. शेवटी वाद्ये हळूहळू विरत जातात, आणि मेंढपाळ पुन्हा रात्रीच्या अंधारात उरतात.

या संगीताचा पहिला प्रयोग नाताळात नव्हे, १३ एप्रिल १७४२ रोजी, ईस्टरच्या सुमारास, डब्लिनमध्ये झाला. स्त्रियांनी घेरदार झग्यांचे वेढे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती करण्यात आली होती. हेतू हा की अधिक माणसे मावावीत आणि अधिक पैसा जमावा. सुमारे ७०० श्रोते आले, सुमारे ४०० पौंड जमले. त्याचे वाटे तीन झाले: दोन रुग्णालयांना आणि एक कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना. त्या काळी धनको ऋणकोला तुरुंगात टाकू शकत असे. आत कमाई बंद, उलट खोलीचे भाडे आणि तुरुंगाधिकाऱ्याची फी अंगावर चढत जाई. थोडक्या रकमेसाठी माणूस वर्षानुवर्षे कुजे. त्या दुपारच्या उत्पन्नातून १४२ कर्जदार सुटले, अशी नोंद सांगितली जाते.

हे दानधर्माचे काम होते; कायदा तसाच राहिला आणि रिकाम्या कोठड्या पुन्हा भरल्या असतील. धर्माला अफू म्हणणाऱ्या मार्क्सने त्याच परिच्छेदात त्याला गांजलेल्या जिवाचा उसासाही म्हटले आहे. व्यासपीठावरून बहुधा पहिलेच विधान सांगितले जाते. ‘मेसाया’त तो उसासा आहे, आणि एके दिवशी त्याने काही कुलुपेही उघडली.

तरीही हँडेलचे हात स्वच्छ नव्हते. आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून विकावयास नेणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीच्या खात्यांत १७२० साली भाग घेणाऱ्यांत त्याचे नाव आहे. अलीकडच्या संशोधकांनी ते उजेडात आणले. बंदिवानांच्या सुटकेची वचने ज्याने स्वरबद्ध केली, त्याने माणसांच्या व्यापारातही पैसा गुंतविला होता. संगीताच्या प्रेमापोटी हे झाकण्याचे कारण नाही, आणि यामुळे त्या १४२ जणांची सुटका खोटीही ठरत नाही. पुढे १७५० पासून लंडनच्या टाकलेल्या मुलांच्या आश्रमात ‘मेसाया’चे प्रयोग आश्रमासाठी होऊ लागले. १७५९ साली हँडेल वारला, तेव्हा मृत्युपत्राने त्याने या रचनेची एक प्रत त्या मुलांच्या संस्थेला ठेविली होती.