जुन्या मोटारीची वीज

जुनी मोटार पुनः चालती करण्याचा छंद आतां आपल्या शहरांतील पुष्कळ घरांत शिरला आहे. पत्रा ठोकणारे, रंग देणारे कुशल कारागीर मिळतात. पण विजेचा प्रश्न आला, कीं "सगळें काढून नवें घाला" असा सल्ला हटकून मिळतो. सल्ला सोपा आहे. परंतु काढावयाचा भाग कोणता व कशासाठीं आहे, हें न ओळखतां नवा बसविला, तर नव्या मालानेंहि गाडी जळण्याचा संभव राहतो.

उदाहरणादाखल मॉरिस मायनर घेऊं. १९४८ सालीं ही गाडी इंग्लंडांत निघाली, आणि आपल्याकडील 'बेबी हिंदुस्थान' तिच्यावरच बेतलेली होती. तिचें विजेचें सामान बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचें. या गाडींत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला बांधलेलें असतें. आजच्या गाड्यांत ऋण टोंक बांधतात. दिव्याच्या साध्या गोळ्याला हा भेद कळत नाहीं. पण आजच्या रेडिओला किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशनला तो चांगलाच कळतो. जोडणी उलटी पडली, कीं क्षणांत त्यांची माती होते. मधल्या एखाद्या मालकानें मूळ व्यवस्था बदललेलीहि असते. म्हणून बॅटरीवरील खुणा स्वतः पाहाव्या, पुस्तकावर विसंबूं नये.

लुकासच्या डायनॅमोवर, डिस्ट्रिब्यूटरवर व इतर बऱ्याच भागांवर ठोकलेला पांच आंकडी क्रमांक असतो, आणि जवळच महिना व वर्ष. '५ ५३' असें दिसलें, तर तो भाग १९५३ च्या मे महिन्यांतला. ही तारीख गाडीच्या जन्मापूर्वी थोड्या महिन्यांची असली, तर भाग बहुधा मूळचाच. मळ रॉकेलाच्या फडक्यानें हलकेच पुसावा. पॉलिश पेपरनें घासून चकचकीत केलेला डायनॅमो म्हणजे नांवपत्ता पुसलेलें पाकीट!

तारांचे रंगहि बोलके आहेत. तपकिरी तार बॅटरीकडून फ्यूजावांचून येते. पांढरी इग्निशनच्या किल्लीनंतरची. हिरवी किल्ली व फ्यूज दोन्ही ओलांडून आलेली. निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी बाजूच्या व मागच्या दिव्यांची, काळी अर्थची. सुती वेष्टणाचे रंग धुळीनें एकजात मातकट होतात. अशा वेळीं टोंकावरची रबरी टोपी मागें सारावी. तिच्याखालीं मूळ रंग पुष्कळदां शाबूत सांपडतो.

इंग्रज लोक लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून हिणवितात. मला ही थट्टा अन्यायाची वाटते. दिवा मंद जळतो, त्याचें कारण बहुधा गंजलेला अर्थ असतो. बोल्ट सोडून पत्रा उघडा करून पुनः आवळावा. मुंबईच्या खाऱ्या हवेंत तर हें सर्वांआधीं करावें. यास पैसा लागत नाहीं.

खरा धोका फ्यूजांत आहे. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ हा आंकडा असतो, तो फ्यूज ज्या प्रवाहाला वितळतो त्याचा. सतत वाहावयाचा प्रवाह त्याच्या निम्माच, सुमारें १७ अँपिअर. आजच्या फ्यूजवरील आंकडा मात्र सतत वाहणाऱ्या प्रवाहाचा असतो. जुन्या ३५ च्या जागीं आजचा ३५ घातला, तर फ्यूज शाबूत राहून तार तापते. तेथें १५ चा फ्यूज पुरे.

नवा अथवा दुरुस्त डायनॅमो बसविल्यावर त्यास दिशा शिकवावी लागते. त्याच्या दोन्ही तारा सोडून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोंकाकडून आणलेली तार लहान टर्मिनलला दोनतीनदां क्षणभर टेकवावी. बारीक ठिणगी उडते आणि आंतील लोखंडांत योग्य दिशेचें चुंबकत्व राहतें. शाळेंत कंटाळवाणा वाटलेला चुंबकाचा धडा येथें उपयोगीं पडतो!

आतां बदलावयाचें काय? रबराच्या वेष्टणाच्या तारा. वांकवितांच ज्यांचें रबर तडकतें, त्यांच्याविषयीं दयामाया नको. मात्र काम आरंभितांना बॅटरी सोडावी, प्रत्येक टोंकाला चिठ्ठी बांधावी, आणि जुना जुडगा अखंड काढून जमिनीवर पसरावा. नवा त्याच्याशेजारीं मापून घ्यावा; आणि सर्व दिवे, हॉर्न व डायनॅमो चालूं लागेपर्यंत जुना जुडगा भंगारवाल्याला देऊं नये.